साताऱ्याचे तक्ते, बर्गनच्या काचपट्ट्या

1862 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे एक सरकारी विचारणा आली. बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर कुष्ठरोग वाढत चालल्याची चिंता तिथल्या गव्हर्नरांनी कळवली होती. काय करावं, हा सल्ला वसाहतींच्या खात्याला हवा होता. कॉलेजच्या सभासदांना या रोगाचा प्रत्यक्ष अनुभव जवळजवळ नव्हताच, कारण इंग्लंडमधून तो कित्येक पिढ्यांपूर्वी हटला होता. मग कॉलेजने एक प्रश्नावली छापली आणि साम्राज्यातल्या डॉक्टरांना धाडली. रोग कसा दिसतो, कोणत्या वयात होतो, बापाकडून मुलाकडे जातो का, सहवासाने पसरतो का, असे त्यातले प्रश्न. वेस्ट इंडीज, हिंदुस्थान, सिलोन, मॉरिशस अशा कुठकुठच्या दवाखान्यांतून उत्तरं आली. एखाद्या वैद्यकीय संस्थेने एका त्वचारोगाबद्दल इतक्या देशांतून माहिती गोळा करण्याचा हा फार मोठा प्रयत्न होता.

1867 मध्ये कॉलेजने अहवाल प्रसिद्ध केला. कुष्ठरोग संसर्गजन्य नाही, तो आनुवंशिक असावा, रुग्णांना कोंडून ठेवणारे कायदे अनाठायी आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. रुग्णांच्या दृष्टीने सल्ला दयाळू होता. शास्त्र म्हणून तो चुकला होता. समितीने उत्तरं वाचली, बहुमत कुठे आहे ते पाहिलं आणि निकाल दिला. उत्तर देणाऱ्याने किती रुग्ण तपासले, किती कुटुंबांचा माग काढला, किती शवविच्छेदनं केली, याला त्या बेरजेत वजन नव्हतं.

त्याच 1867 साली मुंबई इलाख्यात कुष्ठरुग्णांची सरकारी नोंद झाली. गावोगावचे आकडे जमले आणि आठ हजारांहून अधिक रुग्णांचे ते तपशील विश्लेषणासाठी एका डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचले. हे डॉक्टर होते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

कार्टर यांचं नाव आजही जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जवळपास वावरतं, पण ते फार थोड्यांच्या ओठांवर असतं. 1858 मध्ये लंडनमध्ये ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ प्रसिद्ध झालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा आणि शरीराच्या आतल्या रचनेची 363 चित्रं कार्टर यांच्या हातची. चित्रकाराचा हा मुलगा 1831 साली इंग्लंडमधल्या हल इथे जन्मला होता. पुस्तक छापखान्यात असतानाच त्यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश केला आणि 1858 मध्येच मुंबई गाठली. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ते शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. शेजारचं जे. जे. रुग्णालय आणि शहरातली गोरगरिबांची धर्मशाळा ही त्यांची खरी प्रयोगशाळा ठरली. निराधार कुष्ठरुग्ण तिथे आसऱ्याला येत. कार्टर त्यांना तपासत, त्यांच्या कातडीवरचे चट्टे रेखाटत, आणि रुग्ण दगावला तर त्याचे मज्जातंतू सुटे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत.

मुंबईत तेव्हा मेडिकल अँड फिजिकल सोसायटी नावाची संस्था होती. 1830च्या दशकात सुरू झालेल्या या संस्थेत इलाख्यातले डॉक्टर आपली निरीक्षणं वाचून दाखवत. संस्था ती छापत असे आणि बोटीने इंग्लंडला पाठवत असे. कार्टर यांचे पहिले महत्त्वाचे निबंध याच संस्थेच्या कार्यवृत्तात आले. कुष्ठरोगात बधिरपणा का येतो, बोटं का झडतात, याचं मूळ मज्जातंतूंच्या सुजेत आहे, हे त्यांनी स्वतः केलेल्या विच्छेदनांच्या आधारे 1860च्या दशकाच्या आरंभीच मांडलं. ज्याला लोक नुसता कातडीचा रोग समजत होते, तो कातडीच्या खालून चालतो, ही गोष्ट मुंबईच्या शवागारात डोळ्यांनी पाहिली गेली होती.

दुसरा विषय होता ‘मदुरा फूट’. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा घुसतो, पुढे पाय सुजतो, त्यावर छिद्रं पडतात आणि त्यातून काळे किंवा फिकट रवे बाहेर येतात. दक्षिणेतल्या डॉक्टरांनी हा आजार 1840च्या दशकात नोंदवला होता, पण तो कशाने होतो ते कळलेलं नव्हतं. कार्टर यांनी रवे फोडून पाहिले आणि हा बुरशीचा रोग आहे असं सांगितलं. त्यांनी त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं आणि काळ्या व फिकट रव्यांचे दोन प्रकार वेगळे केले. मुंबईत बुरशीशास्त्राचा जाणकार नव्हता, म्हणून नमुने इंग्लंडला गेले. ते पोहोचले रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली या पाद्र्यांकडे. चर्चचं काम सांभाळून बर्कली आपल्या काळातले सर्वांत मोठे बुरशीतज्ज्ञ झाले होते. नमुन्यावर वाढलेल्या एका तांबूस बुरशीला त्यांनी कार्टर यांचं नाव जोडलं. ती बुरशी खरी कारक नव्हती, नमुन्यावर बाहेरून येऊन वाढली होती, हे पुढे स्पष्ट झालं. कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम या संशोधकांनी कार्टर यांच्या मताला 1875 मध्ये जाहीर आव्हान दिलं. वाद छापील पानांवर झाला, म्हणूनच तो पुढे तपासता आला. बुरशी हे कारण मुळात बरोबर होतं, फक्त सगळ्या रुग्णांत नव्हतं. काहींत कारण जिवाणूंचं असतं. कार्टर यांनी दिलेलं नाव मात्र टिकलं. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत जो आजार घातला, तो याच नावाने.

त्याच काळात मुंबईत आणखी एक माणूस कुष्ठरोगाच्या मागे लागला होता. गोव्यातल्या मांद्र्याचे रामकृष्ण विठ्ठल लाड म्हणजे डॉ. भाऊ दाजी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले होते. प्राचीन लेख आणि नाणी वाचणारा हा विद्वान डॉक्टर वनौषधींतून कुष्ठरोगावर उपाय शोधत होता, आणि त्यांच्या उपचाराने चट्टे उतरल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. कडू कवठीच्या बियांच्या तेलाशी या औषधाचं नातं सांगितलं जातं. पण भाऊंनी औषध काय आहे ते उघड केलं नाही. त्यांच्यावर टीका झाली. पुरावा पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची भूमिका असेल, पण 1874 मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धवटच राहिलं. याच कुळातल्या बियांचं तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोगाचं जगातलं मुख्य औषध झालं. कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी आणि हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याला टोचण्याजोगं रूप दिलं. या कामात मुंबईचा वाटा ठळक दिसला असता, जर भाऊंचे प्रयोग एखाद्या कार्यवृत्तात सविस्तर छापले गेले असते.

कार्टर यांची साताऱ्याला बदली 1863 मध्ये झाली. सिव्हिल सर्जनच्या कामाबरोबर तिथल्या तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. कृष्णाकाठचं हे गाव मुंबईच्या ग्रंथालयांपासून आणि शवागारापासून दूर होतं, पण इथली नऊ वर्षं वाया गेली नाहीत. 1867च्या नोंदींवरून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतलं रोगाचं प्रमाण, रुग्णांचं वय, जात, लिंग, नात्यात आणखी कोणाला रोग आहे का, याचे तक्ते मांडले. 1872 मध्ये त्यांचा अहवाल मुंबईत छापून निघाला. तेव्हा त्यांचा कल रोग आनुवंशिक असण्याकडेच होता, कारण आकड्यांत कुटुंबं दिसत होती. एका घरात बाप, लेक आणि चुलता. ते एकाच रक्ताचे म्हणून आजारी होते, की एकाच छपराखाली झोपत होते म्हणून, हे तक्ता सांगू शकत नव्हता.

त्याचं उत्तर शोधायला कार्टर यांनी दीर्घ रजा घेतली आणि 1873 मध्ये नॉर्वे गाठलं.

नॉर्वेच का? कारण युरोपात कुष्ठरोग उरला होता तो मुख्यतः तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर, कोळ्यांच्या आणि गरीब शेतकऱ्यांच्या वस्त्यांत. आणि जगातला सर्वांत व्यवस्थित अभ्यासही तिथेच चालला होता. बर्गन या पावसाळी बंदरात सेंट योर्गन हे शतकांपूर्वीचं कुष्ठरुग्णालय होतं आणि त्याच्या जोडीला नवी रुग्णालयंही उभी राहिली होती. डॅनियल डॅनिएल्सन आणि कार्ल विल्हेल्म बुक यांनी 1847 मध्ये या रोगावरचा पहिला आधुनिक ग्रंथ तिथूनच लिहिला, रंगीत चित्रसंग्रहासह. पुढच्याच वर्षी त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली, म्हणून तो युरोपभर वाचला गेला. 1856 पासून नॉर्वेने प्रत्येक कुष्ठरुग्णाची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला सुरुवात केली. एका रोगासाठी अख्ख्या देशाची अशी नोंदवही त्याआधी कुठे झालेली नव्हती. सातारच्या तक्त्यांत जे नव्हतं, ते इथे होतं : एकच रुग्ण वर्षानुवर्षं, गाव बदललं तरी.

बर्गनमध्ये तेव्हा दोन मतं एकाच घरात नांदत होती. डॅनिएल्सन यांना रोग आनुवंशिक वाटत होता. त्यांचे जावई गेरहार्ड आर्माउअर हान्सन यांना तो संसर्गजन्य वाटत होता. 28 फेब्रुवारी 1873 रोजी हान्सन यांनी एका रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या द्रवात काडीसारखे सूक्ष्म कण पाहिले. ते रंगवून स्पष्ट दाखवण्याचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. बाहेरच्या जगाला अजून काही कळलं नव्हतं, कारण शोधनिबंध 1874 मध्ये नॉर्वेजियन भाषेत यायचा होता आणि त्याचा इंग्रजी अवतार 1875 मध्ये. अशा वेळी मुंबई इलाख्यातून आलेल्या पाहुण्याला हान्सन यांनी आपल्या काचपट्ट्या दाखवल्या. कोणताही करार झाला नव्हता, पदरी कोणतं संयुक्त अनुदान नव्हतं. एका डॉक्टरने दुसऱ्याला सूक्ष्मदर्शक देऊ केला. कुष्ठरोगाचा जंतू पाहणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या काही माणसांत कार्टर यांची गणना होते ती त्यामुळे.

कार्टर बदललेले परतले. 1874 मध्ये त्यांनी नॉर्वेची कुष्ठरुग्णालयं आणि त्यांचा हिंदुस्थानच्या दृष्टीने अर्थ यावर अहवाल सादर केला. त्याच वर्षी कुष्ठरोगावरचा आणि मायसेटोमावरचा, असे त्यांचे दोन सचित्र ग्रंथ लंडनहून निघाले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी उत्तर इटली, ग्रीक बेटं आणि पॅलेस्टाइनमधले रुग्णही पाहिले आणि हिंदुस्थानात परतल्यावर काठियावाडात फिरून आणखी नोंदी केल्या. 1876च्या अहवालात हे सगळे प्रदेश शेजारी शेजारी आले. हवामान वेगळं, अन्न वेगळं, माणसांची रक्तं वेगळी आणि रोग मात्र तोच. मासे खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, दमट हवेने होतो, असे जे तर्क त्या काळी चालत, ते अशा तुलनेपुढे टिकत नव्हते. पुढे मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य म्हणून काम करताना कार्टर संसर्गाचं मत सरकारला सांगत राहिले. नॉर्वेप्रमाणे रुग्णांना वेगळं ठेवणाऱ्या वसाहती उभाराव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

हान्सन यांनी ज्या मोकळेपणाने कार्टर यांना काचपट्ट्या दाखवल्या, त्याच मोकळेपणाने 1879 मध्ये आलेल्या एका तरुण जर्मन डॉक्टरांनाही दिल्या. हे होते ब्रेस्लाउचे अल्बर्ट नाइसर. घरी नेऊन त्यांनी त्या नव्या रंगद्रव्यांनी रंगवल्या. जंतू स्वच्छ दिसले आणि नाइसर यांनी शोध जवळजवळ आपलाच म्हणून जाहीर केला. वाद पेटला. जंतू पाहिला हान्सननी, खात्रीने दाखवला नाइसरनी, असं म्हणता येईल, पण मूळ श्रेय शेवटी हान्सन यांनाच मिळालं.

हान्सन यांच्या कामाची काळी बाजूही आहे. संसर्ग सिद्ध करायच्या ईर्षेने 1879 मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला द्रव टोचला. तिला विचारलं नव्हतं. तिने तक्रार केली, खटला उभा राहिला आणि 1880 मध्ये न्यायालयाने हान्सन यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. कुष्ठरोगाच्या इतिहासात एका रुग्णाने डॉक्टरविरुद्ध न्याय मागून मिळवला, अशी ही दुर्मीळ घटना.

हान्सन यांनी पुढे निवडलेला मार्ग कितीतरी निर्दोष आणि परिणामकारक होता. 1888 मध्ये ते अमेरिकेच्या मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत गेले. नॉर्वेतून तिकडे स्थलांतर केलेल्यांत काही कुष्ठरुग्ण होते. रोग आनुवंशिक असता तर त्यांच्या मुलानातवंडांत दिसायला हवा होता. हान्सन यांनी वंशज शोधले आणि त्यांना कोणीही रोगी आढळला नाही. आनुवंशिकतेच्या सिद्धांताला याहून साधं उत्तर देता आलं नसतं. त्या उत्तरामागे नॉर्वेची नोंदवही होती आणि समुद्रापलीकडच्या कुटुंबांचं सहकार्य होतं.

1889 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात राहावं. त्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आजचा जागतिक त्वचारोग संघटनांचा महासंघ आपलं मूळ तिथे शोधतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन याच रोगाने वारले. त्या मृत्यूने युरोप हादरला. लंडनमध्ये राजपुत्राच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला आणि हिंदुस्थानात एक आयोग पाठवायचं ठरलं. सदस्य निवडण्यात लंडनच्या फिजिशियन आणि सर्जन यांच्या दोन्ही रॉयल कॉलेजांचा हात होता. 1890-91 मध्ये आयोगाने देशभर फिरून रुग्ण तपासले आणि निष्कर्ष काढला : रोग संसर्गजन्य आहे, पण संसर्गाचा धोका फार थोडा आहे, म्हणून सक्तीचं विलगीकरण नको. हा निष्कर्ष आजच्या ज्ञानाच्या पुष्कळ जवळ जातो. लंडनच्या निधी समितीला मात्र तो पटला नाही. तिने अहवालालाच आपलं असहमतीचं टिपण जोडलं.

मुंबईने आयोगाची वाट पाहिली नाही. महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. वडाळ्याचं आजचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय ते हेच. मराठी वाचकांना अ‍ॅकवर्थ दुसऱ्या कामासाठी आठवायला हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडून शिवकाल टिपणारा आणि रस्त्यावरच्या महारोग्यांना छप्पर देणारा अधिकारी एकच होता.

मग आलं 1897. मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं आणि जगभरचे जंतुशास्त्रज्ञ शहरात उतरत होते. ऑक्टोबरमध्ये बर्लिनला कुष्ठरोगावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कोपनहेगनचे त्वचारोगतज्ज्ञ एडवर्ड एलर्स आणि बर्लिनचे ऑस्कार लासार यांनी ती घडवून आणली होती. रुडॉल्फ फिरशाव अध्यक्ष होते, हान्सन आणि नाइसर दोघेही हजर होते. मे महिन्यात स्कारबरो इथे क्षयाने वारलेले कार्टर तेवढे नव्हते. परिषदेने जंतू हेच कारण मान्य केलं. आणि ठराव केला की नॉर्वेची पद्धत, म्हणजे सक्तीची नोंद, देखरेख आणि विलगीकरण, इतर देशांनीही स्वीकारावी.

मुंबईच्या डॉ. शुभदा पंड्या यांनी या परिषदेच्या राजकारणाचा बारकाईने अभ्यास केला आहे. कारणाबद्दलचं विज्ञान आणि उपायाबद्दलचं धोरण या दोन वेगळ्या गोष्टी बर्लिनमध्ये एका श्वासात मंजूर झाल्या. नॉर्वेत विलगीकरणामागे स्थानिक आरोग्य समित्या, घरी नीट सोय असलेल्याला घरीच राहण्याची मुभा आणि रुग्णालयाचा सरकारी खर्च होता. ठराव दुसऱ्या देशांत पोहोचेपर्यंत त्यातली मुभा गळून पडली, सक्ती तेवढी उरली. हिंदुस्थानात 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट झाला. तो मुख्यतः भीक मागणाऱ्या, निराधार रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्यासाठी होता. घर असलेल्याला तो लागत नव्हता. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही, कायदा मात्र पाहत होता.

या परिषदांनी केलेलं नुकसान मोठं आहे, हे सांगितलंच पाहिजे. लाभही तितकाच मोठा आहे. 1909 मध्ये बर्गनला, 1923 मध्ये स्ट्रासबर्गला पुढच्या परिषदा झाल्या. 1931 मध्ये मनिला इथे आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग संघटना स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिचं नियतकालिक सुरू झालं. 1935 मध्ये मुंबईत डॉ. यू. बी. नारायण राव यांनी गुप्तरोगांसाठी काढलेलं नियतकालिक पुढे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांचं मुखपत्र झालं. 1947 आणि 1962 मध्ये स्थापन झालेल्या दोन अखिल भारतीय संघटना 1973 मध्ये एक झाल्या. त्यांनी त्वचारोग आणि गुप्तरोग यांच्याबरोबर कुष्ठरोगही आपल्या नावात सामावून घेतला. समाज ज्याला वेगळा काढत होता, तो रोग व्यवसायाच्या मुख्य प्रवाहात आला.

परळच्या प्रयोगशाळांतून मुंबईने पुन्हा सूत्र हाती घेतलं. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी टाटा मेमोरियलमध्ये काम करताना 1945 मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह अमेरिकी नियतकालिकात धोतर घट्ट नेसल्याने कमरेच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. 1950 ते 1954 या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. कुष्ठरोगात त्यांनी कार्टर यांचाच धागा पुढे नेला : जंतू कातडीतल्या बारीक मज्जातंतूंत शिरतात आणि त्यांच्या वाटेने वर सरकतात, हे त्यांनी सुरुवातीच्या चट्ट्यांच्या सूक्ष्म तपासणीतून मांडलं. 1958 मध्ये त्यांनी आणि सी. व्ही. बापट व कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णाच्या गाठीतून एक जिवाणू वेगळा करून वाढवला. हा जिवाणू कुष्ठरोगाचाच असेल ही आशा टिकली नाही, तो वेगळ्याच प्रजातीचा निघाला. पण त्याच्यापासून डॉ. माधव देव यांच्या गटाने मुंबईत लस तयार केली.

त्या लशीची कसोटी जिथे लागली, तो प्रयोग कार्टर यांनी पाहिला असता तर त्यांना आनंद झाला असता. 1991 मध्ये तमिळनाडूत चिंगलपेट भागात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली 1,71,400 लोकांवर चार लशींची तुलना सुरू झाली. त्यांतल्या एका लशीत बीसीजीबरोबर मारलेले कुष्ठजंतू होते. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. तो अमेरिकेतल्या आर्माडिलो या प्राण्यात वाढवला गेला होता, शुद्ध करण्याची पद्धत लंडनची आणि मिश्रणाची कल्पना व्हेनेझुएलाचे डॉ. हासिंतो कोन्विट यांची. 1998 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मुंबईच्या लशीने 65.5 टक्के, बीसीजी आणि मृत जंतूंच्या मिश्रणाने 64 टक्के, नुसत्या बीसीजीने 34.1 टक्के आणि चौथ्या लशीने 25.7 टक्के संरक्षण दिलं.

तोवर रोगाचं चित्र औषधांनीच पालटलं होतं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचारात तीन औषधं आहेत. डॅप्सोन प्रथम 1908 मध्ये जर्मनीत बनलं, क्लोफॅझिमिन डब्लिनच्या व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने शोधलं आणि त्याचा कुष्ठरुग्णांवरचा पहिला वापर नायजेरियात झाला, रिफॅम्पिसिन मिलानहून आलं. भारतात हा उपचार प्रथम राबवलेल्या जिल्ह्यांत वर्धा होतं. तिथे 1951 पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या आखणीनुसार घरोघर पाहणी, शिक्षण आणि उपचार यांचं जाळं विणलं होतं. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि पहिल्या काही मात्रांतच संसर्ग पसरवणं थांबतं. विलगीकरणाला मग वैद्यकीय आधार उरला नाही. डिसेंबर 2005 मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य गाठलं. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात.

1862 च्या प्रश्नावलीपासून या सगळ्या देवघेवीत एक आवाज नव्हता. डॉक्टरांनी डॉक्टरांना विचारलं, संस्थांनी संस्थांना विचारलं. बर्लिनच्या सभागृहात रुग्णांच्या बाजूने बोलायला रुग्ण नव्हता. तो बदल फार उशिरा आला. 1994 मध्ये ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिस इथे कुष्ठरोग झालेल्या माणसांनीच आपली आंतरराष्ट्रीय संघटना बांधली. तिच्या संस्थापकांत तमिळनाडूतल्या ईरोडचे डॉ. पी. के. गोपाल होते. अशा संघटनांच्या रेट्याने 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठबाधित आणि त्यांच्या कुटुंबीयांविरुद्धचा भेदभाव संपवण्याची तत्त्वं स्वीकारली. भारतात 1898 चा कायदा 2016 मध्ये कायदेपुस्तकातून निघाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी कलमं 2019 च्या दुरुस्तीने पाच कायद्यांतून वगळली गेली. रुग्णांना निवडणुकीला उभं राहण्यापासून किंवा काही व्यवसायांपासून दूर ठेवणाऱ्या जुन्या तरतुदी काही राज्यांत अजून शोधून काढाव्या लागत आहेत, आणि ते काम आता कुष्ठबाधितांच्या संघटना वकिलांना बरोबर घेऊन करत आहेत.